आईची स्कूटर आणि यवतेश्वरचा घाट

माझी शाळा कॉन्व्हेंटची. 'मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल लिही' असं मॅडम म्हणाल्या तेव्हा पोटात गोळाच आला. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी एक खराखुरा प्रॉब्लेम सोडवला, तोच सांगते. शुद्धलेखनाकडे कानाडोळा करा.

आमचं घर साताऱ्यात. आईची शाळा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला, घरापासून 15 किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर आता रोज रुसते, म्हणून आईला इलेक्ट्रिक हवी होती. बाबांचा एकच प्रश्न, "जुलैच्या धुक्यात, भर पावसात घाटात चार्जिंग संपलं तर? एकटी ढकलत आणणार?" दोन दिवस घरात नीट जेवण नाही. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले.

चढायला लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. अकरावीचंच सूत्र. स्कूटर, आई आणि वह्यांची पिशवी मिळून 180 किलो. चढ साताऱ्यापासून पार कास पठारापर्यंत धरला तरी सुमारे 500 मीटर. 180 × 9.8 × 500 = 8,82,000 ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. म्हणजे पाव युनिटसुद्धा नाही! माझाच विश्वास बसेना, गुणाकार परत केला. मोटर आणि कंट्रोलरमध्ये वाया जाणारी धरून 0.3 युनिट म्हणू. रस्त्याचं आणि हवेचं घर्षण वेगळं. त्याला किलोमीटरला 30 वॅट-तास धरले, जाऊन-येऊन 0.9 युनिट. एकूण 1.2. उतारावर थोडी परत मिळते, ती बाबांच्या समाधानासाठी सोडून दिली. बॅटरी 3 युनिटची. जुनी होऊन 70 टक्के उरली तरी 2.1. पुरते.

चार्जरमधली घट धरून रोज 1.4 युनिट, दहा रुपयांनी 14 रुपये. पेट्रोल लिटरला 45 किलोमीटर आणि 100 रुपये धरलं, तरी 67.

यात नवल नाही. आपल्याच जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रिक रिक्षावर काम केलं. अमेरिकेत डॉक्टरेट करून ते 1981 साली फलटणला आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी चकचकीत कार नाही, सायकल-रिक्षा घेतली आणि तिला मोटर-बॅटरी लावली. मला हे फार आवडतं. रिक्षाचा वेग कमी, फेऱ्या ठरलेल्या, रात्री मुक्काम एकाच जागी. आधी काम बघितलं, मग यंत्र. ई-रिक्षा मोटार वाहन कायद्यात आली ती 2015च्या दुरुस्तीनं!

रात्रीच्या मुक्कामावरूनच आमचं घोडं अडलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि पार्किंगमध्ये प्लग नाही. खिडकीतून एक्स्टेन्शन सोडू, असं मीच म्हणाले. वायरमन काका माझ्याकडे बघून म्हणाले, "इंजिनिअरिंगला ना तू?" आपल्या मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग, एवढं हवंच. (आपल्या हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये एका बोर्डावर इस्त्री, हीटर आणि ई-सायकल लावणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.)

हॉस्टेलवरून आठवलं. आपल्या विंगमध्ये सिनियर्सनी जुन्या कॉम्प्युटरवर नोट्सचा सर्व्हर टाकला होता. फुकटचं सॉफ्टवेअर, सगळं आपल्याच ताब्यात, नेट नसलं तरी चालणारं. ते पास आउट झाले आणि पासवर्डही त्यांच्याबरोबर पास आउट झाला. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही नुसतेच लॉगिनच्या पानाकडे बघत बसलो. बॅकअप कुठे, पासवर्ड कुणाकुणाकडे, हे एका कागदावर लिहून रेक्टर सरांकडे ठेवलं असतं तरी भागलं असतं. म्हणून बाबांच्या वहीत मी शेवटचा प्रश्न लिहिला: बिघडली तर दुरुस्त कोण करणार आणि किती दिवसांत? त्यासाठी आई स्वतः जाऊन दोन सर्व्हिस सेंटर बघून आली.

बाबा आता गप्प आहेत. प्लगसाठी सोसायटीला अर्ज दिलाय. सेक्रेटरी म्हणाले, "सभेत ठेवू."