घर घेताना घराची नाडी कोणाकडून तपासावी?



बैल घ्यायचा तर आपण दात पाहतो, चालवून पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. ऊस तोडायच्या आधी ब्रिक्स किती आला ते बघतो. पण आयुष्याची पुंजी घालून घर घेताना मात्र रंग बघतो, फरशी बघतो आणि इसार देऊन मोकळे होतो! म्हणून या अंकात या विषयाचा धडा घेत आहोत.

आपल्या सभासदांची मुले नोकरीधंद्यासाठी ठाणे, कल्याण, भिवंडीकडे जातात. मग भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावात किंवा शहरात घर, गाळा नाहीतर गोदाम घेण्याचा विचार निघतो. विचार चांगला आहे. पण तिथली हवा आपल्या देशावरची नव्हे. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हे पाणी इमारतीच्या हाडांपर्यंत जाते.

घडलेल्या गोष्टी

4 एप्रिल 2013 रोजी ठाण्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून 74 माणसे गेली. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडची पाच मजली इमारत पडली, त्यात 16 जण दगावले. ती दहा वर्षांचीही नव्हती. त्यानंतर महिन्याभरात, 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे, भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि 35 हून अधिक जीव गेले. 29 एप्रिल 2023 रोजी भिवंडी तालुक्यातच वळपाडा येथे खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे असलेली इमारत पडली.

यावरून धडा असा की जुने तेवढे धोक्याचे आणि नवे तेवढे पक्के, असे समजू नये.

आत काय बिघडते?

ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. पुढे हवेतला कार्बन वायू आत शिरून हा गुण कमी करतो. मग ओल पोचली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून काँक्रीटला सळईच्या रेषेने तडा जातो आणि ढपले पडतात. वरून गिलावा आणि रंग मारला की हे झाकले जाते. खाली यंत्रमाग धडधडत असतील किंवा गोदामात क्षमतेपेक्षा जास्त माल रचला असेल, तर धोका आणखी वाढतो.

तपासणारा कोण?

इथे पुष्कळांची गफलत होते. वकील कागद तपासतो. बँकेचा मूल्यांकनकार किंमत काढतो. दोघेही आपापल्या जागी हवेत, पण खांबात दम आहे की नाही हे सांगणे त्यांचे काम नव्हे. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. त्याची निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. त्याची पदवी स्थापत्य अभियांत्रिकीची आहे का, आणि महापालिकेचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना आहे का? परवान्याचा क्रमांक आणि मुदत स्वतः पाहावी. नुसत्या पाटीवर विसंबू नये.

2. त्याला आणले कोणी? विकणाऱ्याने किंवा दलालाने आणलेला माणूस नको. काट्यावर वजन करणारा ज्याचा, वजन त्याचे! फी आपण द्यावी आणि ती आधी ठरवावी. व्यवहार झाला तरच फी, अशी अट घालू नये.

3. तोच दुरुस्तीचा ठेका घेतो का? घेत असेल तर दुसरा पाहावा.

4. घर असेल तर घरांचा आणि गोदाम असेल तर गोदामांचा अनुभव आहे का? पूर्वीचा एखादा अहवाल दाखवायला सांगावे.

5. अहवाल लेखी, सहीशिक्क्याचा आणि फोटोंसह देणार का? काय पाहिले आणि काय पाहता आले नाही, दोन्ही त्यात हवे.

चांगला इंजिनिअर नुसते डोळ्यांनी पाहून थांबत नाही. गरज असेल तिथे रिबाउंड हॅमरने ठोकून पाहतो, ध्वनिलहरींची चाचणी घेतो. फिनॉल्फ्थॅलीन टाकले की चांगले काँक्रीट गुलाबी होते, गुण गेलेले बिनरंगी राहते. शक्यतो पावसाळ्यात किंवा तो संपता संपता तपासणी करावी. गळती तेव्हा लपत नाही.

इसाराच्या आधी

तपासणी इसार देण्यापूर्वीच करावी. तेवढा वेळ नसेल तर "अहवालात मोठा दोष निघाल्यास इसार परत" असे इसारपावतीत लिहून घ्यावे. सोसायटीत जागा घेत असाल तर स्ट्रक्चरल ऑडिट मागा. आदर्श उपविधीनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचे तीन वर्षांतून एकदा ऑडिट व्हायला हवे. खेड्यात घर घेत असाल तर नमुना 8 वर भागवू नका. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा किंवा बांधकाम परवानगीचा दाखला नव्हे. परवानगी कोणत्या प्राधिकरणाने दिली ते विचारा आणि मंजूर नकाशा प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून पाहा. नकाशात दोन मजले आणि डोळ्यांपुढे चार, तर तिथूनच परत फिरा.

रेरा कायद्याखालच्या नव्या इमारतीत ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो फुकट दुरुस्त करायचा असतो. म्हणून ताब्याची तारीख आणि कागद जपून ठेवा.

विकणाऱ्यांसाठी

आपले घर विकायचे असले तरी आधी तपासणी करून घेणे शहाणपणाचे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगणे बंधनकारक आहे. दोष सांगून दोन पैसे कमी आले तरी चालतील, पण कोर्टकचेरी आणि कुणाचा शाप नको.

तपासणीला काही हजार रुपये जातात, ते जड वाटतात. पण ज्या छपराखाली आपली नातवंडे झोपणार, त्याच्या खांबांची खात्री करून घेण्यात हात आखडता घेऊ नये, एवढीच सभासदांना आमची विनंती.