फरशी न फोडता

इंदूरच्या छत्रीबागेत, होळकरांच्या छत्र्यांपासून चालत पाच मिनिटांवर प्रस्तुत लेखकाचं वडिलोपार्जित घर आहे. स्वतःच्या फजितीबद्दल 'मी, मी' करत लिहायला हात धजत नाही, म्हणून या लेखापुरता तो 'प्रस्तुत लेखक'च राहणार आहे.

घराच्या ओसरीत आजोबांनी हौसेने घातलेली मोझॅकची फरशी आहे. तिच्याखालून सहा इंची चिनी मातीचा नळ न्हाणीघरातून निघतो आणि मागच्या बॅकलेनमधल्या चेंबरपर्यंत जातो. दर पावसाळ्यात न्हाणीची मोरी तुंबायची, झुरळं निघायची, आणि ओसरीच्या एका कोपऱ्यात फरशीवर टाच आपटली की पोकळ आवाज यायचा. मिस्त्रीने पाहून सरळ सांगितलं, 'साहेब, ओसरी उखडावी लागेल.' आजोबांची फरशी! लेखकाने तेव्हाच दुसरा उपाय शोधायला घेतला.

उपाय सापडला. जुन्या नळाच्या आत नवा नळ 'जमवायचा'. जाड नमद्यासारख्या कापडाची लांब बाही राळेत भिजवायची आणि पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने, मोजा उलटा करावा तशी, नळात उलगडत न्यायची. मग गरम पाण्याने, वाफेने किंवा अतिनील प्रकाशाने ती राळ कडक करायची. काही तासांत आत काही मिलिमीटर जाडीचा, सांधा नसलेला अखंड नळ तयार. एरिक वुड नावाच्या इंग्रज अभियंत्याने 1971 मध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या विटांच्या जुन्या गटारात हे पहिल्यांदा करून दाखवलं. आपल्याकडे दिल्लीतल्या मोठ्या मलवाहिन्यांची दुरुस्तीही याच पद्धतीने झाली आहे. म्हणजे तंत्र चोख. त्या दिवसांत लेखक ज्याला त्याला हे ऐकवत होता, हेही कबूल करायला हवं.

ठेकेदार बाहेरगावचा होता. त्याने भाव चांगला दिला, कारण आधी कॅमेरा घालून पाहण्याचा खर्च त्याने 'वाचवला' होता. 'नळ तर सरळच आहे ना?' त्याने विचारलं. लेखकाने मान डोलावली. नळ सरळ आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं, ते आजतागायत आठवत नाही.

काम एका दिवसात झालं. फरशीचा टवकाही उडाला नाही. शेजाऱ्यांना बोलावून पोहे-जिलबी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. भांडी घासायच्या मोरीत पाणी चढत होतं, आणि वर तरंगत होती कालच्या वरणाची साय. स्वयंपाकघराचा फाटा ओसरीखाली मधेच मुख्य नळाला मिळतो, हे घरात कुणाच्या लक्षातच नव्हतं. नव्या बाहीने त्या फाट्याचं तोंड आतून लिंपून टाकलं होतं. राळ कडक झाल्यावर असं प्रत्येक तोंड आतूनच, नळात फिरणाऱ्या छोट्या कटरने उघडावं लागतं. ठेकेदाराकडे कटर नव्हता, आणि चौथ्या दिवसापासून त्याचा फोनही लागेना.

मग दुसरे लोक आले. त्यांनी आधी कॅमेरा घातला. पडद्यावर गुळगुळीत पांढरा बोगदा दिसू लागला, आणि दारापासून काही फुटांवर कॅमेरा चक्क पाण्यात बुडाला. तिथे नळाला पोट आलं होतं. पाणी थांबत होतं, गाळ बसत होता.

याचं मूळ माळव्याच्या मातीत आहे. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. जुने चिनी मातीचे नळ साधारण 60 ते 90 सेंटीमीटरच्या तुकड्यांनी जोडलेले, म्हणजे घराखालच्या वीस-बावीस मीटरांत पंचवीस-तीस सांधे. माती हलली की एखादा तुकडा खचतो, सांध्याचा गिलावा सुटतो, फटीतून मुळं शिरतात. बाही फट बुजवते, मुळांची वाट अडवते, तडा सांधते. पण जुन्या नळाचा जो आकार, तोच तिचा आकार. खचलेल्या नळातली बाही खचलेलीच राहणार. सहा इंची नळाला 60 फुटांत एक फूट उतार, हा जुन्या कारागिरांचा हिशेब. उतारच गेला असेल तर तेवढा भाग खणून नळ बसता करण्यावाचून गत्यंतर नाही. शेवटी ओसरीच्या फरशीच्या दोन ओळी उखडाव्याच लागल्या.

आता कुणी विचारलं की लेखक आधी कॅमेऱ्याचं विचारतो. नळ दाबाच्या पाण्याने धुतल्यावर, काम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि संपल्यावर एकदा, असं दोन वेळचं चित्रीकरण हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. चेंबरमध्ये माणूस उतरवण्याचा तर प्रश्नच नाही. 2013 च्या कायद्याने धोकादायक सफाईसाठी माणसाला गटारात उतरवण्यावर बंदी आहे. फाटे शोधायला मात्र यंत्र लागत नाही. रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीनंतर घरात उरलेला रंग इथे कामी येतो: एकेका मोरीत वेगळ्या रंगाचं पाणी ओतायचं आणि बॅकलेनच्या चेंबरपाशी कुणाला तरी उभं करायचं. कुठला रंग आला, किती वेळाने आला, लिहून ठेवायचं. फाटे किती ते कळतं. ते नेमके कुठे मिळतात, ते कॅमेरा सांगतो.

मे महिना टाळावा. राळ उष्णतेने आळते, म्हणून भिजवलेली बाही थंड ठेवून आणावी लागते. इंदूरच्या चाळीस अंशांत ती टेम्पोतच कडक होऊ लागली तर नळात अर्ध्यावर अडकेल. राळ स्टायरिनची असेल तर उग्र वास येतो, तेव्हा त्या दिवशी खिडक्या उघड्या आणि मोऱ्यांचे ट्रॅप पाण्याने भरलेले हवेत. कोरड्या ट्रॅपमधून वास थेट घरात शिरतो. आणि कंत्राटात एक ओळ हवीच: फाटे उघडून देण्याची जबाबदारी कुणाची.

ऑगस्ट 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं. घरांच्या जोडण्या मलवाहिनीला मिळाल्या, कान्ह आणि सरस्वती नद्यांत सांडणारे नाले बंद झाले. शहराच्या चेंबरपर्यंतचे आपापल्या फरशीखालचे तीस सांधे मात्र घरमालकाचे. ते गळले तर घाण मातीत मुरते, आणि शेजारून पिण्याच्या पाण्याची जुनी लाईन जात असेल, तर पुढचं सांगायला नको. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला दिलेल्या इंदूरच्या अहवालात शहराची घाण बागांच्या कामी यावी असा आग्रह धरला होता. ओसरीखालची माती त्यांच्या मनात खासच नसणार.

गेल्या महिन्यात शेजारचे काका ठेकेदाराचा नंबर मागायला आले. लेखकाने नंबराआधी कॅमेऱ्याचे व्हिडिओ लावले. बुडालेला भाग, पुन्हा उघडलेलं फाट्याचं तोंड, आणि चेंबरजवळ, जिथे बाही पोहोचलीच नव्हती, तिथे सांध्यातून आत आलेली केसाळ काळी जटा. 'हे काय हो?' काकांनी चष्मा सावरत विचारलं.

'पिंपळाचं मूळ,' लेखक म्हणाला. 'तुमच्या भिंतीतल्या.'