दोघींत तिसरी आली तेव्हा

तुर्भे स्टोअरच्या वस्तीतील एक आई आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. आठवडाभर मुलीचे पोट रोज सकाळी दुखत होते आणि अंगणवाडी सुटायच्या वेळी थांबत होते. ताप नव्हता, उलटी-जुलाब नव्हते, लघवीला जळजळ नव्हती. पोट दाबून पाहिले, तेही मऊ होते. शेवटी आम्ही विचारले, "हल्ली कोणाबरोबर खेळतेस गं?" ती एकदम रडू लागली. "मावशी, ती आता माझी मैत्रीण नाही." शेजारच्या खोलीत जालन्याहून एक कुटुंब राहायला आले होते. त्यांची मुलगी आता हिच्या मैत्रिणीचा हात धरून अंगणवाडीत जात होती.

माता-पित्यांनो, हे सोंग नव्हते. लहान मुलाच्या मनातली भीती शरीरातून बोलते. पोट खरेच दुखते, जेवण कमी होते, मूल झोपेत दचकते, कधी सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओले करते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मैत्री म्हणजे शेजारी बसणे, बरोबर खेळणे. मैत्रिणीचा हात दुसरीच्या हातात दिसला की आपली जागा गेली, असेच त्यांना वाटते. त्यालाच आपण मत्सर म्हणतो.

अशा वेळी आपण दोन चुका करतो. एक म्हणजे मुलीलाच "जळकी" म्हणतो. मग ती भावना लपवते आणि चिमटे काढू लागते. दुसरी चूक अधिक वाईट. "कुठून आलेत कोण जाणे, नको खेळूस त्यांच्यात," असे आपण तिच्यासमोर बोलतो. नवी मुंबईत खदान, बांधकाम, नाका, एमआयडीसी यांच्या कामासाठी गावोगावची कुटुंबे येतात. नव्या मुलीची बोली वेगळी असते, कपडे वेगळे असतात. लहानग्यांचा रुसवा दोन दिवसांचा असतो, पण आपले शब्द मिळाले की त्याचे वाळीत टाकणे होते. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळे गोणपाट घेऊन बसावे लागले. ते मुलांनी नव्हे, मोठ्यांनी ठरवले होते. आपल्या गल्लीत कोणतेही मूल बाजूला बसता कामा नये.

मग करायचे काय? आधी मुलीला जवळ घ्या आणि तिच्या भावनेला नाव द्या. "ती दुसरीबरोबर खेळली, म्हणून तुला वाईट वाटलं ना?" एवढे पुरते. लगेच उपदेश नको. मात्र ढकलणे, मारणे तिथल्या तिथे थांबवा. "राग आला तर सांग, हात उचलायचा नाही."

मग खेळ बदला. फुगडी दोघींची असते, तिसरी उभीच राहते. लपंडाव, मामाचे पत्र, आगगाडी यांत सगळ्यांना जागा असते. जुन्या मुलीला एक काम द्या. हात धुवायचा नळ कुठे, चपला कुठे काढायच्या, हे नवीला तिनेच दाखवावे. तिला आपले महत्त्व कळते, नवीची भीती जाते. आणि आठवड्यातून एकदा जुन्या दोघी मैत्रिणींना घरी थोडा वेळ एकत्र खेळू द्या. जुने नाते तुटलेले नाही, हे तिला डोळ्यांनी दिसू द्या.

दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणे, याला धम्मात मुदिता म्हणतात. ती धाकाने येत नाही, रोजच्या सवयीने येते. मूल ती आपल्याकडे पाहून शिकते. म्हणून शेजारी नवे बिऱ्हाड आले की आधी आपण त्यांच्या दारात जावे.

एक इशारा. प्रत्येक पोटदुखी मनाची नसते. ताप, उलट्या, शौचातून रक्त, वजन घटणे किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. तसे काही नसूनही दोन-तीन आठवडे मूल खात नसेल, बोलत नसेल, तर नागरी आरोग्य केंद्रात दाखवा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांच्या तपासणीला आरोग्य पथक येते, त्यांनाही सांगा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

त्या मुलीने नवीला नळ दाखवला. अंगणवाडीच्या खिचडीला आता तिघी एका ओळीत बसतात. भांडतातही. पण सकाळचे पोट दुखायचे थांबले आहे.

जय भीम!