सहाशे रुपये किलोनं बाजरीचं पीठ

बाजरीचं पीठ नगरच्या गिरणीत दळून घेतलं तर किलोला पन्नास रुपयांच्या आसपास पडतं. तेच पीठ लेकीसाठी बंगळूरला विमानानं न्यायचं ठरवलं आणि बॅग पंधरा किलोच्या वर गेली, की काउंटरवर त्याचा भाव सहाशे होतो. देशांतर्गत विमानात जादा वजनाचा विमानतळावरचा दर कंपनीगणिक बदलतो. गेल्या काही वर्षांत तो साधारण ५०० ते ७०० रुपये किलोच्या घरात आहे. बॅग १८.६ किलो भरली तर वरचे ३.६ किलो बरेचदा चार धरतात, म्हणजे सहाशेच्या दरानं २४०० रुपये. एवढ्यात बंगळूरच्या दुकानातून महिनाभराचं पीठ येईल आणि वर काही शिल्लकही राहील.

नगर जिल्ह्यातून विमानानं जाणाऱ्यांची दारं तीन. कोपरगाव तालुक्यात काकडीला शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला. नगर, पारनेर, श्रीगोंद्याची माणसं पुण्याला लोहगाव गाठतात आणि परदेशी जाणारे बहुतेक मुंबईला. दारं वेगळी असली तरी सामानाचे नियम सगळीकडे तेच आणि काउंटरवर होणारी पळापळही तीच.

आधी फुकट काय मिळतं ते पाहू. बहुतेक भारतीय कंपन्या साध्या तिकिटावर खाली टाकायच्या सामानासाठी १५ किलो देतात आणि हातात ७ किलोची एक बॅग. हातात एकच बॅग हा आग्रह सुरक्षा यंत्रणेचा आहे, जानेवारी २०२२ पासून तो जास्त कडकपणे पाळला जातो. लेडीज पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग सहसा वेगळी धरतात. पण 'लॅपटॉपची' म्हणून खांद्याला लावलेल्या बॅगेत दोन किलो चकली असेल, तर समोरच्या मुलीला ती दिसते. तिनं अशा बॅगा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिलेल्या असतात. काही कंपन्या वजनाबरोबर नगही मोजतात, म्हणून आठ आणि सात किलोच्या दोन बॅगांपेक्षा पंधराची एकच न्यावी.

हे दर इतके कसे चढले, तेही पाहण्यासारखं आहे. २०१६ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, पंधरा ते वीस किलोच्या टप्प्यासाठी किलोला शंभर रुपयांची मर्यादा घातली होती. कंपन्या कोर्टात गेल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती मर्यादा रद्द केली. पुढच्याच वर्षी इंडिगोचा काउंटरवरचा दर किलोला ४०० होता. एअर इंडिया बरीच वर्षं सढळ हातानं वजन द्यायची. मे २०२४ मध्ये तिनंही स्वस्त भाड्यांवरचं वजन १५ किलोवर आणलं. 'एअर इंडियाचं आहे, पंचवीस चालतात' असं सांगणारे काका घरोघरी आहेत. त्यांना तिकीट काढून दाखवावं.

तिकीट दाखवायचं ते याचसाठी, की तुमच्या बॅगेचा हक्क त्यावरच छापलेला असतो. बॅगेजच्या रकान्यात '१५ के' असेल तर पंधरा किलो, '२ पीसी' असेल तर दोन नग. हा रकाना तिकीट काढण्याआधी वाचायचा, कारण फेब्रुवारी २०२१ पासून कंपन्यांना बिनबॅगेचं भाडं विकायला परवानगी आहे. तीन-चारशे रुपयांनी स्वस्त दिसणारं 'लाइट' तिकीट असंच असतं. एका दिवसाच्या कामासाठी पाठीवर सॅक टाकून निघालात तर ते उत्तम. पण आईला धाकट्या मुलाकडे पाठवताना मोबाइलवर सर्वांत वरचं तिकीट दाबलं, तर बॅगेचा पहिला किलोही विकतचा. चूक वेळेत लक्षात आली तर वजन आधी विकत घ्यावं. २०२४ च्या एका सवलत योजनेत एअर इंडिया एक्सप्रेसनं लाइटवाल्यांना देशांतर्गत १५ किलोची बॅग आधी नोंदवल्यास १००० रुपयांत दिली होती. तेच पंधरा किलो काउंटरवर किलोच्या भावानं घेतले असते, तर नऊ हजारांच्या आसपास गेले असते.

थोडक्यात, पैसे वजनाचे कमी आणि उशिराचे जास्त जातात. जादा वजन वेबसाइटवर ३, ५, १० किलोच्या टप्प्यांत मिळतं आणि उड्डाणाच्या काही तास आधीपर्यंत घेता येतं. मात्र दोन किलोसाठी पाच किलोचा टप्पा घेताना पुन्हा हिशेब करावा. आधी घेतलेलं दर वेळी मोठ्या फरकानं स्वस्त पडतंच असं नाही. विद्यार्थी आणि सैन्यातली माणसं यांच्यासाठी काही कंपन्यांचं वेगळं भाडं असतं, त्यात जादा किलो मिळतात. नगरमध्ये आर्मर्ड कोअरचं आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं ही सवलत इथल्या पुष्कळ घरांच्या कामाची आहे. ती तिकीट काढतानाच निवडावी लागते. काउंटरवर ओळखपत्र पुढे केलं म्हणून भाडं बदलत नाही.

आता घरचं वजन. बॅग कितीची भरली हे काकडीला किंवा लोहगावला कळलं तर उशीर झालेला असतो. हुकचा हातकाटा चार-पाचशे रुपयांत मिळतो. तो नसेल तर गावातल्या दूध संकलन केंद्रावर किंवा भुसार दुकानात काटा असतोच, आणि त्याच्यावर वैधमापनचा शिक्काही असतो. सर्वांत आधी रिकामी बॅग काट्यावर ठेवा. चाकांची कडक कवचाची मोठी बॅग चार किलोच्या आसपास भरते. लग्नात आहेर म्हणून आलेली ती तकतकीत बॅग पंधरातले चार किलो स्वतःच खाऊन बसते आणि तुमच्या वाट्याला अकरा उरतात. कापडी हलकी बॅग दीड किलोत भागते. नुसती बॅग बदलली तर अडीच किलो सुटतात, म्हणजे काउंटरच्या भावानं दीड हजार.

मग एकेक जिन्नस. स्टीलचा डबा बाहेर काढा, त्यातला लाडू जाड पिशवीत भरा. काचेच्या बरणीतलं लोणचं प्लॅस्टिकच्या बरणीत, झाकणाखाली कागद आणि वरून चिकटपट्टी. ते खाली टाकायच्या बॅगेतच जाईल, तेलाचं लोणचं हातातल्या पिशवीत तपासणीला अडकतं. कुरडया वजनाला हलक्या पण जागा खातात, त्या हातातल्या बॅगेत वरच्या बाजूला. घरचा काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी यांच्यासाठी किलोला सहाशे मोजले तरी माझी हरकत नाही. त्या हाताची चव तिकडे विकत मिळत नाही. पीठ, साखर, डाळ, शाम्पूची मोठी बाटली मात्र घरीच ठेवावी. दोन स्वेटर आणि जाकीट अंगावर घालून खिशात चार्जर कोंबणारेही असतात. मे महिन्यात ते बघवत नाही, पण नियमात बसतं.

कुटुंब एकाच पीएनआरवर असेल तर वजन बहुतेक वेळा एकत्र धरतात: चार तिकिटांचे साठ किलो. तरी एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर चालत नाही, कारण ते माणसाला उचलायचं असतं. चौघांनी वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर हा लाभ मिळेलच असं नाही.

शिर्डीहून परतणाऱ्यांसाठी एक वेगळी पिशवी असते, प्रसादाची. उदी आणि लाडू यांना अडचण नाही. सुकं खोबरं मात्र विमानात चालत नाही, ना हातात ना खाली. त्यातलं तेल आपोआप तापून पेटू शकतं म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. अख्खा नारळ हातातल्या पिशवीत सहसा अडवतात, तेव्हा तो शिर्डीतच फोडून वाटून टाकावा. पूजेच्या पुडीतला कापूर आणि काडेपेटीही काढून ठेवा, दोन्ही ज्वलनशील. पॉवर बँकचं उलट आहे. ती खालच्या बॅगेत टाकली तर बॅग उघडायला परत बोलावतात, म्हणून ती हातातच ठेवायची. आणि विमान एटीआरसारखं छोटं असेल तर वरचे कप्पे लहान असतात. सात किलोची बॅग आकारानं फुगलेली असली तर दारातून काढून खाली टाकतात, त्यामुळे औषधं आणि दागिने तिच्यात न ठेवता अंगाजवळच्या पर्समध्ये असावेत.

अमेरिकेला मुलाकडे निघालेल्या आईवडिलांचा हिशेब वेगळा. तिथे बऱ्याच तिकिटांवर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा असतात, स्वस्त भाड्यावर एकच. पीठ नेऊन काही बिघडत नाही, पण एक बॅग २५ आणि दुसरी २१ अशी भरली तर एकूण ४६ असूनही २५ ची जादा म्हणून मोजली जाते. खरा फटका दुसरीकडे बसतो. पुणे ते दिल्ली एक तिकीट आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दुसरं, असं वेगवेगळं काढलं तर पहिल्या टप्प्यावर पंधराच किलो. माणशी ३१ किलो जादा, सहाशेच्या दरानं १८,६०० रुपये. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर परदेशी तिकिटाचं वजन सहसा पुण्यापासूनच लागू होतं. तसं तिकीट मिळत नसेल तर नगरहून थेट मुंबईला गाडी केलेली बरी, त्या पैशांच्या निम्म्यात भागतं. अमेरिकेत पोचल्यावर वेगळ्या तिकिटानं आतलं विमान घेतलं तर तिथेही बॅगेचे पैसे. अमेरिकन एअरलाइन्सनं पहिल्या बॅगेला १५ डॉलर लावायला २००८ मध्ये सुरुवात केली. दोन बॅगा फुकट नेणाऱ्या साउथवेस्टनंही २८ मे २०२५ पासून ती सोय बंद केली.

आखातात जाणाऱ्यांनी खसखस अजिबात नेऊ नये. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत आहे. अनारशांना लावलेली खसखसही त्यात आली, दिवाळीच्या फराळाच्या डब्यातून ती नकळत जाते.

सामान फारच असेल आणि घाई नसेल तर रेल्वे आहेच. स्लीपर आणि थ्री-टायर एसीला ४० किलो फुकट, टू-टायरला ५०. झेलम, गोवा आणि कर्नाटक एक्सप्रेस नगरवरूनच जातात. पुस्तकं, भांडी, अंथरूण-पांघरूण यांच्यासाठी पोस्टाच्या खिडकीवरही भाव विचारावा. स्पीड पोस्टनं ३५ किलोपर्यंतचं पार्सल जातं.

काउंटरवरचं वजन घरच्यापेक्षा किलोभर जास्त दिसलं तर शांतपणे शेजारच्या काट्यावर पुन्हा ठेवायला सांगा. भांडून काही सुटत नाही. जुलै २०२५ मध्ये श्रीनगरला हातातल्या जादा सामानावरून कर्मचाऱ्यांना मारहाण झाली आणि प्रकरण पोलिसांत गेलं. पैसे भरले तर पावती घ्या, बॅगेची चिकटपट्टीची चिठ्ठी जपून ठेवा. बॅग हरवली किंवा फुटली तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून तिचा क्रमांक घ्यायचा. देशांतर्गत प्रवासात कंपनीची जबाबदारी २०,००० रुपयांपर्यंतच असते, म्हणून सोनं आणि पैठणी खालच्या बॅगेत नको. कंपनीनं दाद दिली नाही तर सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंही भागलं नाही तर दावा मुंबई-दिल्लीत जाऊन लावायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नगरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.