कुठली अक्षरं येतात?

सोलापुरात आमच्या मोहल्ल्यातल्या बायका दर मंगळवारी जोहरची नमाज आटोपली की माझ्या ओसरीवर जमतात आणि असरच्या अजानपर्यंत वाचतात. सहा वर्षं झाली. त्यात मी जे शिकले ते असं.

१. "वाचता येतं का?" असं कधी विचारू नये. पहिल्या दिवशी मी तेच विचारलं आणि निम्म्याजणींनी माना खाली घातल्या. त्यातल्या एक खाला रोज पहाटे कुरआन वाचतात. दुसरी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, तिला देवनागरी येत नाही. तिची सून मराठी शाळेतली, तिला उर्दू येत नाही. एका चुलीवर जेवणाऱ्या सासूसुना, पण एकीचं पुस्तक दुसरीला बंद! आता नवीन बाई आली की मी विचारते, "कुठली अक्षरं येतात?" एकही येत नसेल तर ती ऐकायला बसते. मागच्या मंगळवारी गोष्ट कुठं थांबली होती, हे बहुधा तीच सांगते.

२. मोठ्यानं वाचावं आणि हातांना काम असू द्यावं. आमच्यातल्या बऱ्याचजणी विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. पान गुंडाळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. नजर न लावताही बोटं चालतात. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे "दोन तास काम बाजूला ठेवून या" म्हणणं म्हणजे "येऊ नका" म्हणणं. गोष्टीत काही अवघड घडलं की दोऱ्याची बोटं थांबतात. पुस्तक लागलं की नाही, हे मला त्यावरून कळतं.

३. कुणाला काय भिडेल, हे आधी ठरवू नये. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' लिहिलं. त्यात पुरुष पडद्यात आणि राज्य बायकांचं. मी ते आमच्या दखनीत सांगत वाचलं. मला वाटलं, चर्चा पडद्यावर होईल. झाली स्वयंपाकघरावर. तिथं सूर्याच्या उष्णतेवर रांधतात, धूर नाही. "धुआंच नै?" असं तिघींनी विचारलं आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला.

४. फोटो काढू नये. मी एकदा काढून मोबाइलवर पाठवला. दोघींच्या घरी वाद झाले, त्या आल्याच नाहीत. ती चूक माझी होती, आणि ती अजून मला सलते.

५. अवघड पुस्तक टाळू नये. मेहरुन्निसा दलवाई यांचं 'मी भरून पावले आहे' वाचायला घेतलं. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत सातच मुस्लिम बायकांनी मोर्चा नेला होता, त्यात त्या होत्या. "सातच?" म्हणत एकीनं ओसरीवरची डोकी मोजली. आम्ही अकरा होतो. पुढे मेहरुन्निसांचे पती हमीद दलवाई यांच्या इच्छेप्रमाणे १९७७ साली त्यांचं दहन झालं, हा विषय निघाला तेव्हा त्याच कुरआन वाचणाऱ्या खाला सूप उचलून निघून गेल्या. तीन मंगळवार आल्या नाहीत. चौथ्या मंगळवारी नेहमीच्या खांबापाशी येऊन बसल्या. मी म्हटलं, "खाला, तेवढी पानं सोडून देऊ का?"

"नको," त्या म्हणाल्या. "पूरा पढो. सुने बगैर मैं झगडूं किससे?"