डोक्याला मार लागल्यानंतर: थेरपीवर खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

टाके निघाले, माणूस घरी आला. पण तेच पुन्हा पुन्हा विचारतो, सुटे पैसे मोजताना अडखळतो, पटकन चिडतो. आता खरं काम थेरपीचं आहे आणि ते महिनोन्‌महिने चालतं. म्हणून पैसे जपून वापरा.

आधी रुग्णाचं मूल्यमापन करून घ्या. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था, नागपुरात शासकीय मेडिकल कॉलेज. इथे ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या थेरपीचे विभाग आहेत. डिस्चार्ज कार्ड, सीटी-एमआरआयच्या फिल्म, गोळ्यांची यादी, आधार कार्ड न्या. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. थेरपिस्ट कदाचित रुग्णाला चहा करायला सांगतील: पाणी आधी ठेवतो का, साखर दोनदा घालतो का, गॅस बंद करतो का. तेव्हा शेजारी उभे राहा, मध्ये बोलू नका. घरी हेच करून घ्यायचं आहे, एका वेळी एकच सूचना देऊन.

खासगीत एका सेशनचे साधारण ५०० ते १,५०० रुपये पडतात. मूल्यमापनाचे वेगळे, घरी येण्याचे वेगळे. आगाऊ पॅकेज घेऊ नका. घ्यावंच लागलं तर मध्येच थांबल्यास किती पैसे परत मिळतील ते लेखी घ्या. घरच्यांना सराव न शिकवणारा थेरपिस्ट बदला.

‘स्टेम सेल’वाल्यांपासून लांब राहा. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेंदूच्या दुखापतीसाठी हा उपचार फक्त चाचणीतच देता येतो आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. लाखांचं कोटेशन हातात पडलं तर तिथून उठा.

विमा असेल तर तोही तपासा. आरोग्य संजीवनी पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्च धरला जातो. थेरपी त्यात बसते का, हे कंपनीकडून ई-मेलवर घ्या. प्रत्येक बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

वाहन अपघात असेल तर भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. एफआयआर, पंचनामा, एमएलसीचा (हॉस्पिटलच्या मेडिको-लीगल नोंदीचा) कागद, पगाराच्या स्लिपा लागतील. पुढच्या उपचारांचा आणि अटेंडंटचा खर्चही मागता येतो, म्हणून अटेंडंट पुरवणाऱ्या ब्युरोला रोख देऊन पावती सोडू नका. भरपाईत टक्केवारी मागणारा वकील टाळा. बार कौन्सिलच्या नियमांना ते मान्य नाही.

रुग्ण सरकारी नोकरीत असेल तर राजीनाम्यावर सही करू देऊ नका. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० दाखवा.