दिसणारा भाव, मिळणारा भाव

भाची : मावशी, बुक व्हॅल्यूच्या निम्म्या भावात मिळणाऱ्या छोट्या कंपन्यांची यादी काढलीय मी. घेऊन ठेवायचे आणि वाट बघायची, बरोबर ना?

मावशी : भाव दिसतोय म्हणजे तो मिळेलच असं धरू नकोस. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स ऐकलंयस?

भाची : तीन रुपयांवरून एका दिवसात लाखांत गेलेला शेअर?

मावशी : तोच. मुंबईची कंपनी. कारखाना नाही, माल नाही. जवळ आहेत ते मुख्यतः एशियन पेंट्सचे शेअर. स्वतःचे एकूण शेअर फक्त दोन लाख, त्यातले पाऊण प्रवर्तकांकडे. भाव होता ३ रुपये ५३ पैसे. कर गुणाकार.

भाची : म्हणजे अख्खी कंपनी सात लाखांत!

मावशी : आणि मालमत्ता हजारो कोटींची. बुक व्हॅल्यू शेअरमागे पाच लाखांच्या पुढे. मग साडेतीन रुपयांना विकणार कोण? पडद्यावर भाव होता, सौदेच नव्हते. सर्किटच्या मर्यादेमुळे भावाला मोठी उडीही घेता येईना. अखेर सेबीनं जून २०२४ मध्ये अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी सर्किट नसलेल्या खास लिलावाची सोय केली आणि २९ ऑक्टोबरला दिवसअखेर भाव पोचला २,३६,२५० रुपयांवर.

भाची : तरीही बुक व्हॅल्यूच्या निम्म्याहून कमीच की!

मावशी : हेच तर समजून घ्यायचंय. एशियन पेंट्सचे ते शेअर विकायचे का, पैसे वाटायचे का, हे प्रवर्तक ठरवणार. बाकीच्या पंचवीस टक्क्यांनी कितीही हिशेब मांडले तरी निर्णय त्यांच्या हातात नाही, म्हणून बाजार कमी भाव देतो. याच्या उलट अमेरिकेतली सॅनबॉर्न मॅप. विमा कंपन्यांसाठी शहरांचे नकाशे काढायची. १९५८ मध्ये तिचा शेअर ४५ डॉलरला आणि तिच्याकडची गुंतवणूक शेअरमागे ६५ डॉलरची. वॉरन बफे शेअर घेऊन बसून राहिले नाहीत. संचालक मंडळावर गेले, भांडले आणि त्या गुंतवणुकीचा मोठा भाग भागधारकांच्या पदरात पाडूनच थांबले.

भाची : मी कुठली संचालक मंडळावर जातेय!

मावशी : म्हणूनच प्रत्येक कंपनीबद्दल आधी बघ, दडलेली किंमत तुझ्यापर्यंत कुठल्या वाटेनं येणार. लाभांश वाढतोय का? बायबॅक होतोय का? प्रवर्तक स्वतःच्या पैशानं बाजारातून शेअर घेतायत का? नफ्याच्या आधी कॅश फ्लोचं पान उघड. आणि प्रवर्तकांनी किती शेअर गहाण टाकलेत ते एक्स्चेंजच्या साइटवर दर तिमाहीला येतं. गहाणाचा आकडा मोठा असेल तर मी पुढचं वाचतच नाही. भाव पडला की कर्ज देणारा शेअर विकायला काढतो, छोट्या शेअरला घेणारा मिळत नाही, आणि लोअर सर्किट लागलं की आपण आत अडकतो.

भाची : आणि घ्यायचं ठरलंच तर?

मावशी : रोजची उलाढाल बघ, थोडे-थोडे घे. मार्केट ऑर्डर अजिबात नको, लिमिट टाक.

भाची : यादीतल्या पहिल्याच कंपनीची उधारी वर्षाच्या विक्रीच्या निम्मी दिसतेय.

मावशी : मग वार्षिक अहवालाच्या टिपा काढ. त्यातली सहा महिन्यांहून जुनी किती, ते तिथे लिहिलेलं असतं.